पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायचं कसं

पीक फ्लो मीटर म्हणजे दम्याचे रुग्ण घरी वापरतात ते फुंकायचं छोटं यंत्र. जोराने सोडलेल्या श्वासाचा वेग ते मोजतं, आणि काटा आकड्यांच्या पट्टीवर तो दाखवतो. उभं राहायचं, काटा पट्टीच्या तळाला आणायचा, मीटर आडवा धरायचा. पट्टीवर बोट येऊ द्यायचं नाही, नाहीतर काटा तिथेच अडतो. एवढं सगळ्यांना जमतं. लोक चुकतात ते फुंकरीत, आणि चुकीच्या फुंकरीचा आकडा बहुतेकदा चांगलाच येतो, म्हणून चूक कळतही नाही.

माझंच सांगते. दमा निघाला तेव्हा घरी मीटर आणला आणि पहिली दीड-दोन वर्षं वहीत 470, 480 असे झकास आकडे लिहीत होते. रात्री तीनला मात्र खोकत उठून बसायचे. डॉक्टरांनी वही बाजूला ठेवली आणि समोर फुंकायला लावलं. मग म्हणाले, आता दोन्ही गाल हाताने दाबून धरा आणि परत फुंका. काटा 310 वर थांबला. मी छातीतून फुंकतच नव्हते. पान खाणारा पिचकारी मारतो तशी गालांतली हवा जिभेने उडवत होते. त्या झटक्याने काटा वर उडतो, फुप्फुसांचा त्यात काही संबंध नसतो.

तेव्हा पहिले काही दिवस गाल धरूनच फुंका. जीभ खाली, नळीच्या तोंडावर अजिबात नको. नळी दातांच्या आत घेऊन ओठ भोवती घट्ट मिटा. 'मेणबत्ती विझवल्यासारखं फुंका' हा सल्ला मला मुळीच पटत नाही. मेणबत्तीसाठी माणूस ओठांचा चंबू करतो, इथे घसा मोकळा हवा. मान ताठ ठेवा. आकडा पाहायच्या घाईत मान खाली गेली की तो घसरतो.

श्वास छाती पूर्ण भरेपर्यंत घ्या आणि भरला की लगेच सोडा. भरून थांबलात, दोन-तीन सेकंद गेले, की जोर गेला. स्पायरोमेट्री, म्हणजे दवाखान्यातली फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून आलेले हमखास इथे फसतात. तिथे 'अजून, अजून, अजून' म्हणत शेवटच्या थेंबापर्यंत फुंकायला लावतात. हा मीटर फक्त सर्वांत मोठा वेग मोजतो, मिनिटाला किती लिटर एवढंच, आणि तो वेग सुरुवातीच्या क्षणातच येऊन जातो. पुढे लाल होईपर्यंत फुंकून चक्कर तेवढी येईल.

तीनदा फुंका, सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढू नका. तिन्ही आकड्यांत फार फरक असेल तर फुंकर अजून बसलेली नाही.

वेळ रोज सकाळ-संध्याकाळ, पंप (इन्हेलर) घ्यायच्या आधी. सकाळचा आकडा कमी येतोच. किती कमी, ते महत्त्वाचं. सकाळी 300, संध्याकाळी 380 असेल तर फरक 80, म्हणजे दिवसाच्या सरासरीच्या साधारण 24 टक्के. मोठ्या माणसात दोन आठवड्यांच्या रोजच्या फरकांची सरासरी 10 टक्क्यांवर गेली तर डॉक्टर दम्याच्या दिशेने विचार करतात. म्हणून 'संध्याकाळी बरं वाटतं, तेव्हाच मोजते' म्हणणाऱ्यांची वही बिनकामाची.

मीटरसोबतच्या तक्त्यावर उंची-वय पाहून घाबरू नका. दमा आटोक्यात असताना दोन आठवडे मोजा. त्यातला सर्वांत मोठा आकडा तो तुमचा. माझा 400. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 320 च्या वर असले की मी निर्धास्त. 320 ते 200 मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेला वाढीव पंप. दिवाळीच्या फटाक्यांत दरवर्षी तिथे येतेच. 200 च्या खाली, म्हणजे निम्म्याहून कमी आला तर लगेच पंप घ्यायचा आणि दवाखाना गाठायचा, पुन्हा फुंकून खात्री करत बसायचं नाही. आणि आकडा कितीही चांगला असला तरी बोलताना धाप लागत असेल तर मीटर ठेवा आणि निघा.

मीटर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा. बदललात तर तुमचा मोठा आकडा नव्याने काढा, दोन मीटर एकसारखं दाखवतीलच असं नाही.