प्रोप्रॅनोलॉलवरून मेटोप्रोलॉलवर जाताना

अर्धशिशी टाळण्यासाठीची बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारी) गोळी बदलताना जुनी, म्हणजे प्रोप्रॅनोलॉल, एकदम बंद करू नका. नाडी उसळते, रक्तदाब चढतो. डॉक्टर साधारण एक-दोन आठवड्यांत जुनी उतरवत नवी चढवतात. दोन्ही पूर्ण मात्रेत एकत्र पडल्या तर नाडी फार मंदावते. म्हणून वेळापत्रक त्यांच्याकडून तारखेसह लिहूनच घ्या. गोळीआधी रोज नाडी मोजा. ५० च्या खाली गेली किंवा भोवळ आली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

खरा घोळ होतो मेडिकलमध्ये. मेटोप्रोलॉलचे दोन प्रकार मिळतात: सक्सिनेट (औषध हळूहळू सोडणारं) दिवसातून एकदा, टार्ट्रेट (लगेच सुटणारं) बहुधा दोनदा. नाव सारखं म्हणून अदलाबदल चालत नाही. सक्सिनेट कुटू किंवा चघळू नका, सगळं औषध एकदम सुटतं.

दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नकोच, मेटोप्रोलॉलही जपून. सोलापुरात यंत्रमागाच्या धुळीत काम करणाऱ्यांनी दम लागत असल्यास हे आधी सांगाच. इथे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. या गोळ्यांवर असताना पाणी कमी पडलं की उठताना अंधारी येते. शक्य असेल तर बदल उन्हाळ्यानंतर करावा.

डोकेदुखीची वही चालू ठेवा. गुण ठरवायला दोन-तीन महिने लागतात.