ग्रामपंचायतीत माहितीचा अर्ज: तीस दिवसांचा हिशेब कागदावर कसा ठेवायचा

माहिती अधिकार कायद्याखाली आलेल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते नीट झालं नाही की अर्जदार अपिलात जातो, आणि अपिलाच्या सुनावणीत पहिले प्रश्न तारखांचेच येतात. अर्ज कधी मिळाला, शुल्क कधी कळवलं, पत्र कशानं पाठवलं? तोंडी उत्तर तिथं चालत नाही. विदर्भात एकाच ग्रामसेवकाकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) दोन-तीन गावांचा प्रभार असणं नेहमीचंच. साहेब गावात नाहीत म्हणून शिपायानं अर्जदाराला परत पाठवलं, की तिथूनच बिघडायला सुरुवात होते. अर्ज घ्यायचा, आवक नोंदवहीत चढवायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, क्रमांक, सही-शिक्का देऊन पोच द्यायची, एवढे अधिकार शिपायाला किंवा संगणक परिचालकाला लेखी आदेशानं देऊन ठेवा.

माहिती अर्जांसाठी वेगळी नोंदवही करा. त्यात आवक क्रमांक, मिळाल्याची तारीख, विषय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प की रोख, हस्तांतर, शुल्क कळवल्याची तारीख, पैसे भरल्याची तारीख, शेवटचा दिवस, जावक क्रमांक, पृष्ठं आणि अपील एवढे रकाने पुरतात. शेवटचा दिवस अर्ज आला त्याच दिवशी पेन्सिलीनं लिहा, कारण तो पुढं सरकू शकतो.

उदाहरणार्थ, अर्ज ३ जुलैला आला. माहिती ४६ पानांची, दर पानाला २ रुपये, म्हणजे ९२ रुपये. हे पत्र ९ जुलैला रवाना केलं, तेव्हा ६ दिवस खर्ची पडले. अर्जदारानं २० जुलैला पैसे भरले, तर मधले दिवस मोजायचे नाहीत. उरलेले २४ दिवस २० तारखेपासून चालू होतात आणि मुदत १३ ऑगस्टला संपते. शुल्काचं पत्र अठ्ठाविसाव्या दिवशी पाठवलं, तर पैसे मिळाल्यावर झेरॉक्सला जेमतेम दोन दिवस उरतात, आणि पावसाळ्यात लाइट गेली की तेही हातचे जातात. तीस दिवस उलटल्यावर माहिती फुकट द्यावी लागते. सबळ कारण नसेल तर राज्य माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड लावू शकतो, आणि तो माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदारानं दाखला जोडला असेल तर शुल्क घ्यायचंच नाही.

सातबारा, फेरफार असं तहसीलकडचं काही मागितलं असेल, तर "आमच्याकडे नाही" लिहून मोकळं होऊ नका. तेवढा भाग कलम ६(३) खाली ५ दिवसांत तिकडे पाठवा आणि अर्जदाराला कळवा. घरकुलाची लाभार्थी यादी अन् रक्कम हा उघड करायचाच मजकूर आहे. आधार आणि बँक खात्याचा क्रमांक तेवढा झाकायचा. मूळ कागदाला हात लावू नका. झेरॉक्सवर पट्टी चिकटवून त्याची पुन्हा झेरॉक्स काढा, नुसत्या मार्करखालचे आकडे उजेडात धरले की वाचता येतात. काय झाकलं आणि कोणत्या कलमाखाली, हे पत्रात लिहा. नकाराच्या पत्रात कारण, अपिलाची ३० दिवसांची मुदत आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचा पत्ता हवाच.

सगळ्यात जास्त घोळ "अभिलेख उपलब्ध नाही" या एका ओळीनं होतो. ती लिहिण्याआधी शोधपत्रक करा: कोणतं कपाट, कोणते गठ्ठे, कोणत्या तारखेला, कोणी पाहिले, खाली सह्या. मग दुसरीकडून जुळवा. कामाची मोजमाप पुस्तिका बांधकाम उपविभागात सापडते, रोजगार हमीचे हजेरीपट संकेतस्थळावर असतात, खर्चाच्या नोंदी ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या पोर्टलवर आणि बँकेच्या विवरणात मिळतात. तरीही कागद सापडला नाही, तर वरिष्ठांना लेखी कळवा. सार्वजनिक अभिलेख बेकायदा नष्ट करणं गुन्हा आहे, त्यामुळे गप्प बसलेला माणूसच अडकतो.

कागद हरवण्याचं मूळ बहुतेकदा प्रभार देण्या-घेण्यात असतं. "सर्व दप्तर मिळाले" या ओळीवर सही करू नका. नोंदवहीचं नाव, वर्ष, पहिलं-शेवटचं पान, कोरी पानं अशी यादी करून दोघांनी सही करावी. रोकडवही, नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही), ग्रामसभेचं इतिवृत्त आणि पावती पुस्तकं तर एकेक करून मोजावीत. गठ्ठ्यावर कागद किती काळ जपायचा ते सांगणारा अ, ब, क, ड वर्ग आणि नष्ट करायचं वर्ष लिहा. नाहीतर रद्दी म्हणून चुकीचा गठ्ठा जातो. कपाट भिंतीपासून वीतभर लांब, विटांवर ठेवा. कवेलूच्या जुन्या इमारतीत गळती वरून आणि उधई (वाळवी) भिंतीतून येते, अन् उधई तळाचा गठ्ठा आधी खाते. जूनच्या आधी आणि दसऱ्यानंतर गठ्ठे सोडून पाहावेत.

उत्तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती त्याच संचिकेत टाचा. अर्जदार हातोहात घेत असेल तर पानांची संख्या लिहून सही घ्या. माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाची नोटीस वर्ष-दोन वर्षांनी येऊ शकते. तोवर तुमची बदली झालेली असते, आणि नव्या माणसाला हीच संचिका उघडून उत्तर द्यावं लागतं.