वेटलिस्टवर असताना अमेरिकी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाशी संपर्क कसा ठेवावा

मार्चअखेर अमेरिकी कॉलेजांचे निकाल येतात, आणि काहींच्या पोर्टलवर ना होकार ना नकार, नुसतं ‘वेटलिस्ट’ दिसतं. अशा वेळी पत्र लिहायला बसण्याआधी पोर्टलवरचा फॉर्म भरा. यादीत राहायचं आहे असं बहुतेक ठिकाणी स्वतः कळवावं लागतं. मुदत हुकली तर नाव गळतं.

तिथली सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काही कॉलेजं पत्र पोर्टलवरच चढवायला सांगतात, काही ठरावीक शब्दांचा रकाना देतात, तर काही बजावतात की जादा काही पाठवू नका. तसं लिहिलं असेल तर खरोखरच पाठवू नका.

पत्र चालत असेल तर आठ-दहा दिवसांत एकच पाठवा, एका पानात मावेल असं. अनेक कार्यालयांत देशवार अधिकारी असतात. भारताचे अर्ज पाहणाऱ्याचं नाव संकेतस्थळावर सापडतं. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव आणि अर्ज क्रमांक हवा. सुरुवातीलाच सांगा की इथे यायची इच्छा कायम आहे. ‘जागा मिळाली तर नक्की येईन’ हे वाक्य एकाच कॉलेजला लिहायचं, तेही खरं असेल तरच. पुढे फक्त अर्जानंतरचं नवं: सहामाहीचे गुण, पूर्ण झालेला प्रकल्प, नवी जबाबदारी. ‘समाजकार्य केलं’ यातून काही कळत नाही. किती मुलांना, किती महिने, काय शिकवलं ते लिहा. शेवटी तिथला एखादा विषय किंवा प्रयोगशाळा नेमकी का हवी, ते दोन वाक्यांत. रँकिंगची स्तुती त्यांना पाठ आहे.

पत्र बिघडतं ते रडगाण्याने, दुसऱ्या कॉलेजचा होकार दाखवून दबाव आणण्याने आणि आईबाबांनी लिहिल्याने. मेल विद्यार्थ्याचाच हवा. तोही शाळेच्या ईमेलवरून नको. बारावी संपली की ते खातं बंद होऊ शकतं.

1 मेच्या आत होकार आलेल्या दुसऱ्या एका कॉलेजात पैसे भरून जागा पक्की करा. वेटलिस्टमधून जागा मिळाली तर ती रक्कम सहसा परत मिळत नाही, हे घरी आधीच बोलून ठेवा. दोन कॉलेजांत पैसे भरणं मात्र गैर मानलं जातं.

दुसऱ्या मेलचं खरं निमित्त म्हणजे बारावीचा निकाल. गुणपत्रिका शाळेच्या काउन्सेलरकडून जाऊ द्या. तुम्ही दोन ओळी लिहा. त्याच मेलमध्ये विचारून घ्या की वेटलिस्टमधून येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी आर्थिक मदत उरते का. अनेकदा उरत नाही, आणि मग जागा मिळूनही उपयोग नसतो.

यानंतर गप्प बसा. दर आठवड्याच्या मेलने यादीत कोणी वर सरकत नाही. बहुतेक याद्यांना क्रमच नसतो, कोणत्या शाखेत किती जागा रिकाम्या राहिल्या त्यावर निवड होते. फोन मात्र चालू ठेवा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, त्यामुळे फोन रात्रीही येऊ शकतो, आणि उत्तराला कधीकधी दोन-तीनच दिवस मिळतात.

व्हिसासाठी ज्या कॉलेजात जाणार त्याचाच आय-20, म्हणजे कॉलेजने दिलेला विद्यार्थी-पात्रतेचा फॉर्म, लागतो. जागा बदलली तर आधीच्या कॉलेजला लगेच कळवा. भरलेली 350 डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीसाठी अमेरिकी सरकार घेतं ती) नव्या आय-20 वर वळवून घेता येते, ती पुन्हा भरू नका.