प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिलाय, आता वर्गात शिकवायचं कसं?

सगळ्यात आधी एक सांगतो, लॅपटॉप वाटले म्हणजे शिकवणं आपोआप सुधारत नाही. पेरूमध्ये मुलांना लाखो लॅपटॉप वाटले आणि 2012 च्या अभ्यासात गणित-भाषेच्या मार्कांत काही फरकच दिसला नाही. म्हणून आधी शिक्षकांच्या हातात द्या, निदान एक सत्र तरी, त्यांचा हात बसू दे, मग मुलांना.

पहिल्या आठवड्यात धडा शिकवूच नका. लॉगिन, फाईल कुठे सेव्ह करायची, चार्जिंग कधी, एवढंच पक्कं करून घ्या, नाहीतर पुढे रोज तासातली दहा मिनिटं पासवर्ड शोधण्यातच जातात.

आता खरं काम. वहीतलंच उत्तर टाईप करून घेतलं तर काय उपयोग? त्यापेक्षा निबंधाचा कच्चा मसुदा शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये लिहायला लावा, शेजारच्या मुलाने त्यावर कमेंट करायची, मग पुन्हा लिहायचं, आणि तुम्हाला मुलगा नेमका कुठे अडला ते लिहितानाच दिसतं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. विज्ञानाच्या प्रयोगाचे आकडे थेट स्प्रेडशीटमध्ये भरून आलेख काढून घ्या.

तुम्ही बोलताना मात्र स्क्रीन अर्धी खाली, हा नियम पहिल्या दिवसापासून. वर्गात पुढे उभं राहू नका, मागून फिरा, स्क्रीन दिसतात. दोन-तीन लॅपटॉप जादा ठेवाच, एखादा बिघडला तर ते मूल नुसतं बसून राहायला नको. आणि घरी नेट नसलेल्यांसाठी गृहपाठ ऑफलाईन चालेल असाच द्या.