रेड्याचे शुक्राणू आणि दुधाची पावडर

एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) विषय मिळाला: म्हशीच्या रेड्याच्या शुक्राणूंमधलं कपॅसिटेशन, म्हणजे शुक्राणू फलन करण्यालायक होण्याची प्रक्रिया. पहिल्याच दिवशी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर सगळे सरसर धावतायत. मी खूश. सर म्हणाले, "धावतायत रे, पण अंड्यात शिरायच्या लायकीचे झालेत का?" 1951 साली चँग आणि ऑस्टिन यांनी वेगवेगळं काम करून हेच दाखवलं होतं. मादीच्या जननमार्गात काही काळ काढल्याशिवाय शुक्राणू फलन करू शकत नाही.

या विषयात नव्याने येत असाल तर आधी कपॅसिटेशनमध्ये काय-काय घडतं त्याची साखळी वहीत काढा. बायकार्बोनेट आत जातं, अडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम जागं होतं, सीएएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढतं, मग पीकेए हे एन्झाइम जागं होतं आणि पुढे प्रथिनांमधल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतं. तिकडे अल्ब्युमिन हे प्रथिन शुक्राणूच्या पटलातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं, कॅल्शियम आत शिरतं. वळूच्या शुक्राणूंचं कपॅसिटेशन घडवायला मीडियममध्ये (शुक्राणू ठेवायच्या द्रावणात) हेपॅरिन देतात, मिलिलिटरला 10 मायक्रोग्रॅम, साधारण चार तास. त्यात ग्लुकोज असेल तर हेपॅरिनचं काम अडतं. म्हणून उंदरावरच्या पेपरातलं ग्लुकोजवालं मीडियम जसंच्या तसं उचलू नका.

माझी खरी फजिती ब्लॉटमध्ये झाली, म्हणजे प्रथिनं पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत. टायरोसिनवरचं फॉस्फेट दाखवणारा तो पडदा दीड महिना काळाकुट्ट यायचा. अँटिबॉडी बदलून झाली, देवाला नवस तेवढा राहिला होता. शेवटी एका सीनियर ताईने विचारलं, "ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पडद्याच्या रिकाम्या जागा झाकणं) कशात करतोस?" मी म्हटलं, दुधाच्या पावडरीत, सगळे तेच करतात. ताईने कपाळाला हात लावला. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रथिन! त्याऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरलं, नमुना फोडताना सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घातलं (नाहीतर फॉस्फटेज हे एन्झाइम फॉस्फेट काढून टाकतं), आणि पट्ट्या स्वच्छ दिसल्या.

मीडियमच्या रंगावरही नजर ठेवा. एकदा रात्रीत सीओटूचा सिलिंडर संपला. सकाळी इनक्युबेटर उघडला तर मीडियममधला पीएच दाखवणारा रंग, फिनॉल रेड, गुलाबी झालेला, म्हणजे पीएच चढलेला. अख्खी बॅच ओतून दिली.

सुरुवात गोठवलेल्या स्ट्रॉवर (वीर्य भरून गोठवलेल्या बारीक नळीवर) करू नका, हे मात्र कुणी मला आधी सांगितलं नाही. गोठवण्या-वितळवण्यातच काही शुक्राणूंमध्ये कपॅसिटेशनसारखे बदल होऊन बसतात. स्ट्रॉच वापरायची असेल तर 37 अंशाच्या पाण्यात 30 सेकंद वितळवा आणि शून्य तासाचा, म्हणजे प्रयोग सुरू व्हायच्या आधीचा, नमुना तुलनेसाठी न चुकता बाजूला काढा. ताजं वीर्य हवं असेल तर रेतकेंद्रावरच्या माणसांशी ओळख वाढवा. तिथलं संकलन भल्या पहाटे असतं, आणि रेडा तुमच्यासाठी थांबत नाही.