बिअरच्या चोथ्यावर काम करताय? या चुका टाळा

ब्रुअरीतून उरणाऱ्या मालाचा उपयोग हा विषय घ्यायला नागपूर वाईट शहर नाही. जनावरांच्या खाद्याबद्दल विचारायला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, सांडपाण्यासाठी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, रसायनासाठी एलआयटी ही रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी संस्था. अडचण सुरू होते ती माल हातात आल्यावर.

शंभर लिटर बिअरमागे साधारण 20 किलो ओला चोथा, म्हणजे रस काढून उरलेलं धान्य, निघतो. उरलेल्या मालात वजनाने याचाच वाटा सुमारे 85 टक्के. पण त्या 20 किलोंत 15-16 किलो निव्वळ पाणी असतं, आणि बहुतेक घोळ या पाण्याचा हिशेब न धरल्यामुळेच होतात.

गोठ्यावर हमखास विचारतात, गाय झिंगणार तर नाही? नाही. भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) गरम पाण्यात मुरवून गोड रस काढून घेतात आणि चोथा तिथेच वेगळा होतो. यीस्ट पडतं ते नंतर, त्या रसात. ताज्या चोथ्यात दारू नसते.

वरची बुरशी काढून खालचा माल घालणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. चोथा बाहेर येतो तेव्हा सत्तर अंशांच्या आसपास गरम असतो. त्यात साखर उरलेली, प्रथिनं भरपूर आणि ओल तर आहेच. असा माल ड्रममध्ये भरून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, शेडखाली ठेवला, तर दुसऱ्या दिवशीच आंबूस वास सुटतो आणि मग बुरशी धरते. वरचा थर फेकला की काम झालं असं वाटतं, पण बुरशीचं विष खालपर्यंत उतरलेलं असू शकतं. अफ्लाटॉक्सिन हे असंच एक विष, ते जनावराच्या पोटात गेलं की त्याचंच दुसरं रूप दुधात उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. दुधातली त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे फक्त 0.5 मायक्रोग्रॅम आहे. बुरशीचा ड्रम खाद्यातून पूर्ण बाद करा, कितीही जीव तुटला तरी.

उन्हाळ्यात आणलेला माल त्याच दिवशी संपवा. जमत नसेल तर मुरघास करा, म्हणजे हवाबंद करून मुरवा. चोथा एकटा फार ओला पडतो, म्हणून त्यात तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार (भुसा) मिसळा, थर दाबत हवा काढा, तोंड घट्ट बंद करा आणि तीन आठवडे हात लावू नका. उघडल्यावर मात्र रेंगाळू नका.

खाद्यात आणखी दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे भाव. सरकी ढेपेच्या एका किलोत जेवढा कोरडा भाग असतो तेवढ्यासाठी ओला चोथा चार किलो लागतो, त्यामुळे किलोला किलो तुलना करून 'स्वस्त पडला' म्हणण्यात अर्थ नाही. दुसरी म्हणजे कॅल्शियम. चोथ्यात फॉस्फरस बरा असतो, कॅल्शियम कमी, म्हणून खनिज मिश्रण द्यावंच लागतं. दुभत्या गायीला दिवसाला दहा किलोंच्या आसपास थांबावं आणि तिथवर आठ-दहा दिवसांत हळूहळू जावं.

सरळ वाळवायला घेणे

हजार लिटरच्या एका बॅचचा 200 किलो चोथा धरा. वाळवायचा तर त्यातलं दीडशे किलो पाणी उडवावं लागेल. नुसत्या वाफेची उष्णता मोजली तरी सुमारे साडेसात किलो एलपीजी, म्हणजे घरगुती सिलिंडर अर्धा संपला, तोही कणभर उष्णता वाया गेली नाही असं धरून. प्रकल्प अहवालात ही ओळ सहसा सापडत नाही, आणि नफा मात्र छान दिसतो. आधी स्क्रू प्रेसमधून पिळून घ्या. ओल 65 टक्क्यांपर्यंत आली तरी सत्तरेक लिटर पाणी आगीशिवाय गेलं. हे पिळलेलं पाणी गटारात सोडू नका. त्यात विरघळलेली साखर आणि प्रथिनं असतात, ते बायोगॅसला द्या. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाचं ऊन फुकट आहे, पण थर बोटभरच ठेवायचा. जाड थराला वरून पापडी येते आणि आत माल आंबत राहतो.

प्रयोगशाळेतल्या चुका

प्रथिनांचा आकडा ओल्या वजनावर आहे की कोरड्या, हे न लिहिलेला तक्ता कुणाच्याच कामाचा नाही. प्रथिनं नायट्रोजन मोजून काढतात, तेव्हा नायट्रोजनला 6.25 ने गुणलं की 5.83 ने, हेही लिहा. नायट्रोजन 4 टक्के असेल तर एकाने 25 टक्के प्रथिनं येतात, दुसऱ्याने 23.3. बार्लीसाठी 5.83 वापरतात, खाद्याच्या चाचणीत 6.25 रूढ आहे. ओल मोजायला 105 अंशांवर वाळवलेला नमुना अँटिऑक्सिडंट तपासायला वापरणं हा तर शुद्ध आळस, कारण उष्णतेने ते कमी होतात. नमुना टाकीच्या वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणांहून घ्या. ब्रुअरीने बार्लीसोबत तांदूळ, मका किंवा गहू वापरला होता का, हे त्याच दिवशी विचारून ठेवा. महिन्याने कुणाला आठवत नाही.

खत, बायोगॅस, अळंबी

ढिगातून अमोनियाचा वास येतोय? चोथ्यात नायट्रोजन जास्त असतो. पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) भुगा किंवा सुका पालापाचोळा मिसळा. बायोगॅस संयंत्र आंबलं, पीएच 6.8 च्या खाली गेला, तर चोथा घालणं थांबवून काही दिवस फक्त शेणकाला द्या. ढिंगरी अळंबीच्या पिशव्या हिरव्या पडत असतील तर चोथ्याचं प्रमाण कमी करा, कुटार वाढवा आणि निर्जंतुकीकरण नीट करा. आणि नागपूरच्या मे महिन्यात ढिंगरी लावायच्या भानगडीत पडू नका.

सगळंच एका ड्रममध्ये ओतणे

उरलेलं यीस्ट चोथ्यात मिसळून जिवंत खाऊ घालू नका; पोटात ते आंबणं सुरूच ठेवतं आणि जनावर फुगतं. आधी उकळून मारा. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ कडू असतो, गुरं तोंड फिरवतात. तो खताला टाका, पण गोठ्यातल्या कुत्र्यापासून लांब ठेवा, कारण कुत्र्याला हॉप्सने जीवघेणा ताप चढू शकतो. बिअर गाळायला वापरलेली डायटोमाइट ही सिलिकायुक्त माती खाद्यात कधीच नको. ती वाळून उडायला लागली तर त्यातली सिलिका फुफ्फुसात जाते, म्हणून ओली असतानाच गोणीत भरायची.