आधी वाफसा, मग कुदळ

सप्टेंबर सरला की हिवाळी भाजीपाल्यासाठी हात शिवशिवायला लागतात. पण हस्ताचा पाऊस साधारण 10 ऑक्टोबरपर्यंत कधीही गाठतो, आणि काळ्या रानात ओल्यात कुदळ घातली की हिवाळाभर ढेकळंच फोडत बसावं लागतं. वाळलेल्या ढेकळाखालून मेथी वर येत नाही. वीतभर खोलीवरची मूठभर माती काढून दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आला, म्हणजे ओल कुदळीजोगी झाली. नुसताच चपटा झाला तर आणखी दोन दिवस थांबा.

रोपांचं मात्र आत्ताच बघा. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो लावणीला यायला चार आठवडे लागतात. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करा, म्हणजे अवकाळी सर आली तरी पाणी मुळाशी तुंबत नाही. बी फेकू नका, चार बोटांवर रेघा ओढून पेरा. दाट रोपं आणि सततची ओल, यातच रोपं बुडाशी सडून आडवी पडतात. बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (ही सड रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा. घरच्या पुडीला चिमूटभर पुरे. वर अगदी बारीक विणीची नायलॉन जाळी (इंचाला 40 ते 50 छिद्रं) ताणली की पांढरी माशी आत शिरत नाही. टोमॅटोची पानं मुरडणारा रोग तीच आणते. कोबीच्या कडेला किडीला भुलवायला मोहरीची ओळ हवीच, पण लावणीच्या पंधरा दिवस आधी पेरलेली.

शेणखत गुंठ्याला 200 किलो, तेही पुरतं कुजलेलं. हात घातल्यावर गरम लागलं तर राहू द्या. गेल्या साली आम्ही तसंच ओढलं आणि मुळ्याच्या वाफ्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, निघाली.

धणे चपलेखाली रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. अख्खे टाकले तर उगवण विरळ आणि मागेपुढे होते. मेथी, पालक, कोथिंबीर एकदम पेरू नका; दर दहा दिवसांनी एकेक वाफा धरा. नाहीतर महिन्याभराने शेजारीपाजारी जुड्या वाटत फिरावं लागतं, आणि तेव्हा शेजाऱ्यांकडेही मेथीच असते!

लसणाच्या पाकळ्या टोक वर करून लावा. वाटाण्याला ऑक्टोबरचं ऊन सोसत नाही, फुलं गळतात. पहाटे गोधडी ओढावीशी वाटली की त्याचं बी भिजत घाला.